शेपटी उद्या

चूक गुरुजींची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींमध्ये शेवटी खापर पोरांच्या डोक्यावर फुटतं. पोरांनी ऐकलं नाही, पोरांनी मस्ती केली, पोरांना वळण नव्हतं. इथे पोरांनी काही केलेलं नाही. पोरांनी तर घसा फोडून सांगितलं होतं.

तर फार पूर्वी, डायनासोर अजून पुरते संपले नव्हते आणि शाळा मात्र सुरू झाल्या होत्या, त्या काळी एका गावात एक चित्रकलेचे गुरुजी होते. असा काळ कधी नव्हताच, असं एखादा हुशार माणूस म्हणेल. बरोबर आहे त्याचं. त्याने दुसरी गोष्ट वाचावी.

त्या गावात लहान मुलांना अक्षरं गिरवायला बसवण्याआधी डायनासोर काढायला बसवत. त्याला कारण होतं. गावामागे डोंगर, डोंगरामागे रान, आणि रानात डायनासोर. तो कधी ना कधी गावात येणार. आला तर ओळखता यायला हवा. दारात डायनासोर उभा आहे आणि घरातली माणसं त्याला ‘या, बसा, चहा टाकू का’ म्हणतायत, असं व्हायला नको.

गुरुजींनी स्वतः डायनासोर पाहिला होता का? नाही. गावात कोणीच पाहिला नव्हता. गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी शिकवला होता, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. डोंगर चढून एकदा पलीकडे बघून यावं, असं त्यांच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही. बघायचं कशाला? काढता येतो की.

गुरुजींची शिकवायची पद्धत पायरीपायरीची होती. हातात छडी, फळ्यापाशी उभे, आणि समोर पाट्या घेऊन बसलेली चिल्लीपिल्ली.

“पहिली पायरी!” गुरुजी गरजायचे.

“वांगं!” पोरं ओरडायची.

“कसलं?”

“आडवं, मोठं, भरताचं!”

“ते काय झालं?”

“पोट!”

मग वांग्यातून वर निघालेलं पडवळ, ती मान. पडवळाच्या टोकाला लिंबू, ते डोकं. वांग्याखाली चार मुळे, ते पाय. लिंबात एक मोहरी, तो डोळा. एवढं झालं की गुरुजी छडी काखेत मारून पाट्या तपासायला निघायचे, आणि तिथेच सगळा घोटाळा होता.

“हे वांगं बारीक झालंय. पूस.”

“गुरुजी, माझा डायनासोर उपाशी आहे.”

“डायनासोर उपाशी नसतो. पूस.”

“गुरुजी, हे चालेल?”

“हा पाय पुढे का टाकलाय?”

“चालतोय तो.”

“चालायची पायरी कोणी सांगितली? पूस.”

असं पुसत पुसत सगळ्या वर्गाची वांगी एका मापाची होईपर्यंत घंटा वाजायची. गुरुजी खडू खाली ठेवून म्हणायचे, “राहिली एक शेपटी. शेपटी उद्या!” दुसऱ्या दिवशी पुन्हा वांग्यापासून सुरुवात. का? तर पाया पक्का हवा. पायाच कच्चा असेल तर शेपटी काय चाटायची आहे?

गुरुजींच्या हाताखालून सगळं गाव गेलं होतं. पाटील त्यांचाच विद्यार्थी, पंच त्यांचेच, वेशीवर राखण करणारा जागल्याही त्यांचाच. सगळ्यांना डायनासोर झोपेतसुद्धा काढता यायचा, आणि सगळ्यांचा मोहरीपाशी थांबायचा. पुढे गावात तशी म्हणच पडली. विहिरीचा कठडा कधी बांधणार? शेपटी उद्या. उसना नेलेला पाटा कधी परत देणार? शेपटी उद्या. मोठ्या माणसांना ही म्हण फार आवडे. त्यांची निम्मी कामं तिच्यावरच भागत.

आता खरी गोष्ट अशी, की शेपटी गुरुजींनाही येत नव्हती. त्यांच्या गुरुजींनीही त्यांना ‘शेपटी उद्या’ म्हणूनच शिकवलं होतं, आणि एके वर्षी तो उद्या यायच्या आधीच ते देवाघरी गेले. गुरुजींनी हे कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपून सगळे वेळेवर जेवायला गेले असते.

वर्गात सगुणी नावाची एक पोर होती. वय एवढंसं, पण प्रश्न असे की मोठ्या माणसाने रस्ता बदलावा. एके दिवशी गुरुजींनी खडू उचलला आणि ती उभी राहिली.

“गुरुजी, आज शेपटीपासून सुरू करू या ना.”

“शेपटीपासून? उद्या म्हणशील, जेवण ढेकरेपासून सुरू करू.”

वर्ग हसला. सगुणीही हसली, पण बसली नाही.

“मग नुसतं सांगा तरी. शेपटी म्हणजे कुठली भाजी? मी घरी काढीन.”

गुरुजींनी घंटेकडे पाहिलं. घंटा वाजेना. घंटा वाजवणारा शिपाई त्या दिवशी वाल खाऊन पडवीत आडवा झाला होता. गुरुजींनी पाटीलसाहेबांकडे पाहिलं. पाटील नेमके त्या दिवशी शाळा बघायला आले होते आणि खुर्चीत बसून मिशी कुरवाळत होते. त्यांनाही लहानपणापासून शेपटीची उत्सुकता होतीच. तेही पुढे सरसावले.

‘माहीत नाही’ म्हणायला काय लागतं? काही नाही. तोंड उघडावं लागतं, एवढंच. गुरुजींनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्यांना खिडकीबाहेर एक शेळी दिसली.

“शेपटी म्हणजे…” गुरुजी म्हणाले, “शेळीला असते तेवढी. वाटाण्याची शेंग.”

“एवढ्या मोठ्या वांग्याला एवढीशी शेंग?”

“शेवटची पायरी आहे ती. शेवटची म्हणजे लहानच असणार.”

सगुणीने पाटीवर शेंग काढून पाहिली. मग पाटी तिरकी धरली, सरळ धरली.

“गुरुजी, पुढे एवढं लांब पडवळ, आणि मागे शेंग. हा तोंडावर पडेल.”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी पाटीलही हसले, आणि तेच गुरुजींना लागलं.

“बाहेर उभी राहा! मी सांगेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही!”

सगुणी बाहेर गेली. आत बसलेल्यांना फळा दिसायचा. बाहेर उभी राहिल्यामुळे सगुणीला डोंगर दिसायला लागला. शिक्षा करणाऱ्यांना असल्या गोष्टी सुचत नाहीत.

इकडे गावात आनंदीआनंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या रखडलेली शेपटी अखेर आली! चावडीच्या भिंतीवरल्या डायनासोरला रंगाऱ्याकडून हिरवी शेंग लावून घेतली. जागल्याच्या, डायनासोर ओळखायच्या फळीवरही ती काढली आणि त्याला ताकीद मिळाली: वांगं, पडवळ, लिंबू, मुळे, मोहरी, शेंग. यातलं एक जरी कमी असलं, तरी तो डायनासोर नव्हे. उगाच घंटा बडवून गावाची झोपमोड करायची नाही.

आणि मोठी माणसं आनंदली की जे करतात तेच त्यांनी केलं. सत्कार. गुरुजींना गावाकडून डोंगराच्या पायथ्याशी जागा द्यायची आणि तिथे घर बांधून द्यायचं ठरलं.

गुरुजी घरी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यात खोटं काही नव्हतं. जन्मभर ते आणि काकू देवळामागच्या गळक्या खोलीत राहिले होते. गुरुजींच्या बायकोला सगळं गाव काकू म्हणे. त्या खोलीत छपरातून पाणी गळायचं आणि शेजारच्या तेलघाण्याचा बैल भिंतीला पाठ घासायचा.

“आपलं घर, बरं का,” गुरुजी म्हणाले. “स्वतःचं.”

“पण शेंगेचं तुम्हाला कोणी सांगितलं?” काकूंनी विचारलं. “मला तर कधी बोलला नाहीत.”

“तुला सगळंच सांगतो का मी?”

“नाही ना, म्हणूनच विचारते.”

गुरुजी कूस बदलून झोपले.

घराच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी डोंगराकडची होती, आणि तिच्यासाठी दगड कमी पडला. गावकरी म्हणाले, “चौथी भिंत उद्या.” हे गुरुजींनीच शिकवलं होतं.

एके सकाळी शाळा भरली होती आणि सगुणी नेहमीप्रमाणे दाराबाहेर उभी होती. डोंगराच्या खिंडीतून काहीतरी खाली सरकताना तिला दिसलं. करड्या रंगाचं, लांबच लांब, वर जाड आणि खाली येईल तसं निमुळतं. ते शेतांच्या बांधावरून, करवंदीच्या जाळ्या आडव्या करत, अगदी सावकाश आलं आणि गुरुजींच्या नव्या घराच्या उघड्या बाजूला येऊन निपचित पडलं. झालं होतं असं, की डोंगरापलीकडच्या तळ्यावर एक डायनासोर पाणी प्यायला आला होता, आणि त्याने फतकल मारली होती. तो पलीकडे मावला. शेपटी मावली नाही.

“गुरुजी, शेपटी!” सगुणी ओरडली.

“उद्या!” गुरुजी आतून ओरडले.

“अहो, आली! आजच आली!”

गुरुजी बाहेर आले. मागोमाग पोरं आली. पाटील आले, जागल्या आपली फळी काखेला मारून आला. सगळे त्या करड्या लांबलचक वस्तूभोवती उभे राहिले.

“डायनासोर आहे का रे?” पाटलांनी विचारलं.

जागल्याने फळी समोर धरली. “वांगं दिसत नाही, पाटील.”

“मुळे?”

“एकही नाही.”

“मोहरी बघ नीट.”

जागल्या या टोकापासून नजर जाईल तिथवर चालत गेला आणि परत आला. “मोहरी नाही. शेंगही नाही.”

“मग काय आहे हे?”

“काही का असेना, डायनासोर नाही. लेखी आहे.”

“अहो, ही शेपटीच आहे!” सगुणी म्हणाली. “वरून जाड, खाली बारीक. डोंगरावरून आलीय. बाकीचा तिकडे बसलाय.”

“शेपटी शेळीला असते तेवढीच,” पाटील म्हणाले. “तुझ्याच वर्गात सांगितलं ना? लक्ष कुठे असतं तुझं?”

आणि गुरुजी? गुरुजी त्या करड्या वस्तूच्या उंचीकडे बघत होते. कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. लांबीला घरापेक्षा जास्त. वारा लागणार नाही, पाणी झिरपणार नाही. एक दगड उचलायला नको.

“भिंत आहे,” गुरुजी म्हणाले. “डोंगराची दरड घसरलीय. माझी चौथी भिंत आली.”

“देवालाच काळजी!” पाटलांनी हात जोडले.

दुपारपर्यंत तिच्यावर मातीचा थर देऊन वासे टेकवले, संध्याकाळी कौलं चढली. सुट्टीत पोरं मागच्या बाजूने त्या भिंतीवर चढून घसरगुंडी खेळू लागली. घसरता घसरता एका बारक्याला, त्याला सगळे ढोल्या म्हणत, प्रश्न पडला की ही घसरगुंडी सुरू कुठून होते. मग काय, सगळी वरात निघाली. पुढे सगुणी, मागे ढोल्या, मागे बाकीची. शेपटीवरून चालत चालत ती खिंडीत पोचली आणि पलीकडे डोकावली.

पलीकडे वांगं होतं. हे एवढं वांगं की त्याचं भरीत केलं असतं तर जिल्हा जेवला असता. पडवळ तळ्यावर वाकलेलं होतं आणि लिंबू पाण्यात बुडून बुडबुडे काढत होतं.

“मोहरीला पापणी आहे गं,” ढोल्या कुजबुजला. “गुरुजींनी पापणी नाही सांगितली.”

“गुरुजींनी बरंच नाही सांगितलं,” सगुणी म्हणाली.

पोरं धापा टाकत गावात परतली आणि एकदम बोलायला लागली. चावडीवर बसलेल्या मोठ्या माणसांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला.

“डोंगरावर कोणाला विचारून गेलात?”

“अहो, पण तिकडे डायनासोर…”

“ते नंतर. आधी सांग, कोणाला विचारून गेलात?”

ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. पोरांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. उठाबशा होईपर्यंत दिवे लागले, आणि काय सांगायला आली होती हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. पोरांच्या होतं. पण त्यांना विचारतंय कोण?

काकूंना ती भिंत पहिल्या दिवसापासून आवडली. भिंत ऊबदार होती. तिच्यावर टाकलेले पापड उन्हाशिवाय वाळायचे.

“अहो, एक सांगू का?” त्या एकदा म्हणाल्या. “भिंतीच्या पोटात गुरगुरतं.”

“नवीन बांधकाम आहे. बसतंय.”

“आणि ती जरा सरकली पण.”

“बसतंय म्हटलं ना!”

गृहप्रवेशाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. पुरणपोळ्यांचा वास सुटला होता, पंगत मांडायची होती, पण त्याआधी सत्कार होता. गावाने गुरुजींना एक मोठं चित्र भेट दिलं. रंगाऱ्याने काढलेला, चौकटीत बसवलेला डायनासोर, शेंगेसकट. पाटलांनी शाल घातली, नारळ दिला, आणि म्हणाले, “हे चित्र समोरच्या भिंतीवर लागलं पाहिजे. आत्ता, आमच्या देखत.”

समोरची भिंत म्हणजे तीच.

कोणीतरी हातोडा दिला, कोणीतरी विळ्याएवढा लांब खिळा दिला. गुरुजींनी जागा बघायला भिंतीवर डावा तळहात ठेवला.

तळहात ठेवला आणि त्यांना कळलं. मातीच्या थराखालून काहीतरी हळूच वर आलं आणि हळूच खाली गेलं. बराच वेळ काही नाही, मग पुन्हा वर, पुन्हा खाली. आतून ठोकाही येत होता, लांबून कोणी ओली पखाल आपटावी तसा. भिंती श्वास घेत नाहीत हे गुरुजींना माहीत होतं. त्यांना अगदी सगळंच माहीत नव्हतं असं नाही.

त्यांनी मान वळवली. दारात, उंबऱ्याच्या बाहेर, सगुणी उभी होती. तिला अजून कोणी ‘आत ये’ म्हटलं नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडून ओरडून आता तिचा घसा बसला होता.

“गुरुजी, नका ठोकू,” ती म्हणाली. “त्याला लागेल.”

हीच ती वेळ होती. गुरुजींनी हातोडा खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं, की मंडळी, शेंगेचं मी ठोकून दिलं होतं, शेपटी कशी असते ते मला माहीत नव्हतं, आत्ता कळतंय. लोक हसले असते. पाटील चिडले असते. मग पोळ्या थंड होतायत म्हणून सगळे जेवायला बसले असते, आणि पोळी पोटात गेल्यावर या गावात कोणीच फार वेळ चिडून राहत नसे.

पण अंगावर शाल होती. अंगावर शाल असताना माणसाला चुकता येत नाही, असं मोठ्यांना वाटतं.

“भिंतीला लागतं का गं कधी?” गुरुजी म्हणाले, आणि खिळा ठोकला. एकदा, दोनदा, आणि पाटलांनी मान डोलावली म्हणून आणखी एकदा. चित्र लावलं.

काहीही झालं नाही.

“लागलं का गं?” पाटलांनी सगुणीला विचारलं, आणि सगळी मंडळी खो खो हसली.

“लागलंय,” सगुणी म्हणाली. “पण तो लांब आहे ना. पोचायला वेळ लागेल.”

यावर तर लोक इतके हसले की एकाला ठसका लागला.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. ती कळ आपली शेपटीतून वर वर चालली होती, खिंड ओलांडत, वांग्याला वळसा घालत, पडवळ चढत. गुरुजी रोज सकाळी चित्रासमोर उभे राहून चहा प्यायचे. दोन दिवस त्यांनी भिंतीला हात लावायचं टाळलं. मग तेही विसरले. मनातून एखादी गोष्ट घालवायची असली की मोठी माणसं फार भराभर घालवतात.

आणि मग एके दुपारी, वर्गात वांगं, पडवळ, लिंबू आणि मुळे झाले होते आणि मोहरी चालली होती, तेव्हा काकू शाळेच्या दारात आल्या. हातात पापडांची परात होती.

“अहो, भिंत थरथरतेय. पापड खाली पडायला लागले.”

“वर्ग चालू आहे.”

“मी पापड घेऊन आले. तुमचं काही आणायचं होतं का?”

“वर्ग चालू आहे म्हटलं ना!” गुरुजी म्हणाले आणि फळ्याकडे वळले. “हं, कुठे होतो आपण?”

“मोहरी!” पोरं म्हणाली.

आणि डोंगरापलीकडून आवाज आला.

त्या आवाजाचं वर्णन करता येत नाही, पण ढोल्या पुढे सगळ्यांना सांगायचा की तो साधाच होता. पायात काटा गेल्यावर आपण ‘आई गं’ म्हणतो ना, तसाच. फक्त मोठा. शाळेची कौलं खडखडली, शिपाई झोपेतून उठून घंटेवर आदळला, आणि पहिल्यांदाच घंटा वेळेआधी वाजली.

सगळा वर्ग खिडकीशी धावला.

गावाच्या टोकाला गुरुजींचं घर हळूहळू वर जात होतं. आधी चौथी भिंत उचलली गेली. तिच्यावर टेकलेले वासे गेले, वाशांवरची कौलं गेली. बाकीच्या तीन भिंती जागच्या जागी बसल्या, दमलेल्या म्हातारीसारख्या. मग शेपटी आभाळात गेली. पुरती. मुळापासून टोकापर्यंत. वरून जाड, खाली बारीक होत होत पार चाबकाच्या वादीसारखी, आणि टोकापाशी भिंतीवर वाळत घातलेलं गुरुजींचं धोतर फडफडत होतं. एकदा या बाजूला झुलली, एकदा त्या बाजूला. मग डोंगरामागे गेली. तिच्यावर ठोकलेलं चित्र उन्हात चमकलं. डायनासोर रानात परत गेला तो आपल्याच शेपटीवर आपलं शेंग लावलेलं चित्र मिरवत गेला.

सगळी पोरं एकदम ओरडली.

“गुरुजी, शेपटी!”

आणि पोरं पाट्यांवर तुटून पडली. कोणी पायरी विचारली नाही. एकाने शेपटी आधी काढली आणि वांगं नंतर, एकाने नुसतीच शेपटी काढली आणि पाटी पुरली नाही म्हणून जमिनीवर गेला. ढोल्याने धोतरही काढलं. एकाही पाटीवरची शेपटी दुसऱ्या पाटीसारखी नव्हती, आणि बघणाऱ्याला प्रत्येक पाटीवर तीच शेपटी ओळखू येत होती.

“पुसा!” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. “पुसा ते! मी… मी शेपटी आजच शिकवणार होतो.”

कोणी पुसलं नाही. दारात काकू पापडांची परात धरून उभ्या होत्या. त्या गुरुजींकडे बघत होत्या.

“शेंग म्हणे,” काकू म्हणाल्या, आणि परात घेऊन माहेरी भावाकडे निघून गेल्या.

संध्याकाळी चावडीवर पंच बसले. जागल्याने शपथेवर सांगितलं की मोहरी दिसली नाही म्हणून त्याने घंटा वाजवली नाही, सबब त्याची चूक नाही. पाटील म्हणाले, भिंत आपण होऊन आली होती, आपण होऊन गेली, यात गावाची चूक नाही. बराच विचार करून असं ठरलं की चूक सगुणीची. ‘लागेल’ असं ती म्हणाली, म्हणून लागलं. पोरीची जीभ वाईट. गुरुजी तिथेच बसले होते. त्यांनी हेही ऐकून घेतलं, आणि खाली बघत राहिले.

सगुणीला वर्गात परत घ्यायचं की नाही, यावरही पंचांनी पुष्कळ खल केला. तिला यायचंय का, हे विचारायचं तेवढं राहिलं. ती शाळेबाहेर डोंगराकडे तोंड करून बसते आणि धुळीत चित्रं काढते. हल्ली बाकीची पोरंही तिच्या शेजारी बसतात. आत गुरुजी असतात आणि फळ्यावर वांगं असतं.

तात्पर्य: (हे मोठ्यांनी वाचावं, लहानांना ते आधीच कळलेलं आहे.) जे माहीत नाही, ते माहीत नाही असं म्हणावं. गुरुजी म्हणाले नाहीत. त्यांचं घर गेलं.